छताला लटकणाऱ्याची जमीन

प्रार्थना कीटक पाळणारे लोक पेटीच्या तळाशी काय अंथरावे यावर जेवढे बोलतात, तेवढे पेटीच्या छतावर बोलत नाहीत. खरे तर हा प्राणी आयुष्याचा मोठा भाग उलटा लटकून काढतो. भक्ष्याची वाट बघतो ती फांदीला धरून, खातो ते लटकून, आणि सहा-सात वेळा कात टाकतो तीही डोके खाली करूनच. वाळवंटात जमिनीवर धावणाऱ्या एरेमियाफिलासारख्या काही जाती अपवाद आहेत, पण त्या आपल्याकडे कोणी पाळत नाही. आपल्या कुंपणांवर, बागांत आणि माळावरच्या झुडपांत सापडणारा हिरवा हायरोड्यूला असो, फुलांवर दबा धरणारा छोटा क्रिओब्रोटर असो, की दक्षिणेकडच्या कोरड्या रानातला, व्हायोलिनच्या आकाराचा गोंगायलस असो, यांपैकी कोणालाही पायाखाली माती हवी असते असे दिसत नाही. १९९५ मध्ये मुखर्जी, हाजरा आणि घोष यांनी भारतातल्या प्रार्थना कीटकांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यातल्या १६०च्या आसपास जातींमधल्या बहुतेक जाती पान, खोड, गवत किंवा फूल यांच्याशी जुळवून घेतलेल्या आहेत. म्हणून ‘माझ्या कीटकाला कशावर चालायला आवडेल’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कीटक त्या थरावर पाऊल ठेवणार नसेल, तर तो थर त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा, हे आधी पाहायला हवे. तो पोहोचतो हवेतून आणि भक्ष्यातून. तळाच्या थराची सगळी निवड या दोन वाटा डोळ्यांपुढे ठेवून केली, तर बाजारात आणि आजूबाजूला मिळणाऱ्या निम्म्याहून अधिक गोष्टी आपोआप बाद होतात.

हवेची वाट आधी पाहू. कात टाकताना जुनी त्वचा पाठीवर फाटते आणि कीटक स्वतःच्या वजनाने तिच्यातून खाली सरकतो. हवा फार कोरडी असेल तर पाय, स्पर्शिका किंवा पंख जुन्या कातडीत अडकतात आणि वाकडे वाळतात. ते पुढच्या कातीपर्यंत सुधारत नाहीत, आणि ती शेवटची कात असेल तर कधीच नाही. ओल धरणारा थर तळाशी असला की त्यातली ओल सावकाश वर चढत राहते. थराचा खरा उपयोग एवढाच. काही जण दुसरा एक उपयोग सांगतात, की कीटक पडला तर मऊ थर त्याला झेलतो. यात थोडे तथ्य आहे, पण हिशेब उलटा बसतो. कात टाकायला कीटकाच्या लांबीच्या तिप्पट मोकळी उंची लागते, असा पाळणाऱ्यांचा सर्वमान्य अडाखा आहे. सात सेंटिमीटर लांबीच्या हायरोड्यूला मादीला एकवीस सेंटिमीटर उंची हवी. २२ सेंटिमीटरच्या बरणीत पाच सेंटिमीटर माती घातली, तर उरतात सतरा. म्हणजे पडण्यापासून वाचवायला घातलेली गादीच कात बिघडण्याची शक्यता वाढवते. अर्धवट बाहेर आलेल्या मऊ कीटकाचे डोके तळाला टेकले, तर खालचा थर कितीही मऊ असला तरी उपयोग नाही. पडू नये यासाठी करायचे ते वर करावे : काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या गुळगुळीत झाकणाखाली जाळी लावावी, खरखरीत काटकी तिरपी ठेवावी. तळाला पातळ थर पुरतो.

आता पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे वळू, कारण इथे हा प्रश्न पुण्याच्या पेठांतल्यापेक्षा किंवा कोकणातल्यापेक्षा वेगळा होतो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हा पट्टा यंत्रशाळांनी भरला, आणि मग मोटारींचे कारखाने इंद्रायणीपलीकडे चाकणपर्यंत गेले. अशा गावात फुकट किंवा चार पैशांत मिळणारी जमिनीसारखी दिसणारी सामग्री भरपूर असते : फाउंड्रीबाहेर पडलेली काळी वाळू, खोकी आणि पॅलेट बनवणाऱ्यांकडचा भुसा, प्लायवूड कापणाऱ्यांकडचा चुरा, खाणींजवळची दगडी भुकटी. काळी वाळू दिसायला सुरेख, बारीक आणि कोरडी असते. पण ती काळी होते ती साच्यातल्या दगडी कोळशाच्या पुडीमुळे आणि जळलेल्या बंधकांमुळे. काही साच्यांत वाळूला फिनॉलिक किंवा फ्युरान रेझिनने बांधलेले असते, आणि ओतलेल्या धातूचे सूक्ष्म कण तिच्यात राहतात. ती ओली करून बंद बरणीत ठेवणे म्हणजे तिच्यातले जे काही उडून जाऊ शकते ते कीटकाच्या श्वासनलिकांपाशी नेऊन ठेवणे. कीटकाच्या शरीरभर हवा थेट नलिकांनी पोहोचते. नाक आणि फुप्फुस यांसारखी मधली गाळणी त्याच्याकडे नाही.

भुशाचा विचार थोडा जास्त करायला हवा, कारण तो निरुपद्रवी वाटतो. निर्यातीच्या खोक्यांवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह आणि एचटी किंवा एमबी ही अक्षरे असतात. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटे तापवला आहे. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने धुरी दिली आहे. दोन्हींचा हेतू एकच : लाकडातले किडे मारणे. एचटीचा भुसा त्या अर्थाने निर्दोष आहे, तरीही खोकी बहुतेक पाइनची असतात आणि पाइनच्या राळेतले पिनीनसारखे उडणारे पदार्थ बंद जागेत साचतात. मग सागाचा भुसा बरा, असे कोणी म्हणेल. साग वाळवीला दाद देत नाही याचा आपल्याला अभिमान आहे. पण तो दाद देत नाही तो त्यातल्या क्विनोन जातीच्या रसायनांमुळे. आपण ज्या गुणासाठी सागाचे पैसे मोजतो, तोच गुण कीटकाच्या घरात नको आहे. प्लायवूडचा चुरा तर या यादीत शेवटी यावा. त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, आणि ‘बोरर-टर्माइट प्रूफ’ असा शिक्का असेल तर गोंदातच कीटकनाशक मिसळलेले असते. शिक्क्यावर कीटक मारण्याची हमी असलेली वस्तू कीटकाखाली अंथरण्याचा मोह होतो, कारण भुसा आपल्याला ‘नैसर्गिक’ दिसतो.

एवढे सगळे बाजूला ठेवून समंजस माणूस रोपवाटिकेत जातो आणि कुंडीत भरायची तयार माती आणतो. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे, कारण इथे संशय येत नाही. चाकण हे कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी कारखान्यांच्या आधीपासून ओळखले जाते, आणि तळेगावला गुलाबाची हरितगृहे आहेत. या दोन्ही शेतींत औषध-फवारणी नेहमीची. बांधावरची माती किंवा शेतातून आलेले शेणखत किती फवारण्या पाहून आले असेल, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कुंडीच्या मातीत हुमणी आणि सूत्रकृमी यांच्यासाठी दाणेदार औषध मिसळण्याची जुनी सवय आहे. शेतकरी ज्याला ‘थिमेट’ म्हणून ओळखतो त्या फोरेटवर केंद्र सरकारने २०१८च्या आदेशाने बंदी घातली आणि ती ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. पण कायद्याने बंद झालेली सवय आणि हाताने बंद झालेली सवय यांत अंतर असते, आणि फोरेटची जागा घेणारी इतर औषधेही कीटकांसाठीच बनवलेली आहेत. वनस्पतीच्या आत शिरणारी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे मातीत महिनोन्महिने टिकतात. यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ‘सेंद्रिय’ माती घेणे. पुणे परिसरात सेंद्रिय मिश्रण म्हटले की त्यात गांडूळखत, कोकोपीट आणि निंबोळी पेंड असणार, हे जवळजवळ ठरलेले. आणि निंबोळी पेंड ही इथली सगळ्यात कळीची चीज आहे.

१९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले, की सगळी हिरवळ फस्त झाली पण कडुनिंबाची झाडे तेवढी उभी आहेत. पुढे १९६८ मध्ये त्यामागचा अझाडिरॅक्टिन हा पदार्थ वेगळा काढला गेला. तो भूक मारतो ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की कात टाकण्याची वेळ कीटकाला कळते ती शरीरातल्या एका संप्रेरकाच्या लाटेमुळे, आणि अझाडिरॅक्टिन ती लाट वेळेवर उठू देत नाही. मात्रा पुरेशी असेल तर कीटक कात टाकायला सुरुवात करतो आणि मध्येच अडकून मरतो. प्रार्थना कीटक पाळणाऱ्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. तो त्याचे खापर कोरड्या हवेवर फोडतो आणि आणखी पाणी शिंपडतो. दोन्ही कारणांचा शेवट सारखाच दिसतो, म्हणून दोषी माती सुटून जाते.

इथे जाणकाराची हरकत येईल, आणि ती वजनदार आहे. कडुनिंबाची औषधे शेतातल्या मित्रकिडींना, म्हणजे कोळी, ढालकिडे आणि प्रार्थना कीटक यांना, इतर औषधांच्या मानाने सौम्य मानली जातात. कारण अझाडिरॅक्टिन मुख्यतः पोटात गेल्यावर काम करते आणि शिकारी कीटक झाडाचे पान खात नाही. मुद्दा बरोबर आहे, पण तो शेताचा आहे. शेतात शिकारी कीटकाला दहा ठिकाणचे भक्ष्य मिळते. त्यातले काही फवारलेल्या पानावरचे असते, बरेचसे नसते. पेटीत तुम्ही टाकलेले रातकिडेच त्याचे सगळे जेवण. सुटा थर मिळाला की रातकिडा त्यात बिळासारखा शिरतो, दिवसभर तिथेच राहतो आणि भूक लागली की तेच मिश्रण कुरतडतो. गांडूळखत आणि पेंड त्याला खाद्यच वाटते. त्या रातकिड्याच्या पोटात जे असेल ते दुसऱ्या दिवशी प्रार्थना कीटकाच्या पोटात असते. भक्ष्यातून येणारी वाट सुरुवातीला सांगितली ती हीच, आणि हवेच्या वाटेपेक्षा ती जास्त दुर्लक्षित आहे. खाण्याजोगे काहीच नसलेला थर निवडणे हे बिनविषारी थर निवडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

दुसरी हरकत अधिक ऐकू येते. निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा एखाद्या सोसायटीच्या जास्वंदीवर याच हवेत, याच मातीवर प्रार्थना कीटक जगतातच ना? जगतात, पण किती, हे पाहायला हवे. मोठ्या जातीची मादी एका अंडपुंजात शंभर-दोनशे अंडी घालते, आणि पुढच्या पिढीपर्यंत त्यातली दोन-चार पोहोचली तरी निसर्गाचा हिशेब पुरा होतो. पाळणाऱ्याचा हिशेब एका जीवावर असतो. शिवाय झुडपावरच्या कीटकाला एक सोय आहे जी पेटीतल्याला नाही. वास आवडला नाही, ऊन झाले, ओल वाढली, तर तो उठून दुसऱ्या फांदीवर जातो. वाऱ्याने पातळ होणारी वाफ आणि झाकणाखाली साचणारी वाफ यांत पदार्थ तोच असला तरी मात्रा तीच नसते.

तिसरी बाजू जिवंत मातीच्या समर्थकांची. त्यांचे म्हणणे असे की निर्जंतुक, मृत थरावर बुरशी मोकाट सुटते. मातीत जंतू, स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड असतील तर ते रातकिड्यांचे अवशेष आणि विष्ठा खाऊन टाकतात आणि बुरशीला आवर घालतात. या युक्तिवादाला पिंपरीतच एक भरभक्कम पुरावा आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला. तिथले एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्मजीवांमधून औषधे शोधत होते. त्यातून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळाले. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाला त्यांनी नाव दिले स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. गावाचे नाव जिवाणूला लागावे, हा मान औद्योगिक नगरीला क्वचितच मिळतो. तर माती बुरशीशी लढते हे खरे. पण हाच दाखला दुसरीकडूनही वाचता येतो. एक उपयोगी जीव हाती लागण्यापूर्वी प्रयोगशाळेत असंख्य जीव तपासून बाजूला ठेवावे लागतात. बाल्कनीतल्या कुंडीतून उचललेल्या मूठभर मातीत काय काय आहे याची अशी छाननी कोणी केलेली नसते. स्प्रिंगटेलबरोबर माइट येतात, आणि माइट झालेल्या पेटीत ते कात टाकून मऊ झालेल्या कीटकाच्या सांध्यांवर चढतात. मोठ्या, झाडे लावलेल्या, हवेशीर पेटीत अनुभवी माणसाने जिवंत थर करावा, त्याला माझी ना नाही. एक लिटरच्या बरणीत वाढणाऱ्या पिल्लासाठी तो जुगार आहे. आणि बुरशी दिसली म्हणून थरावर बुरशीनाशक शिंपडणे तर मुळीच नको. थर बदलणे हा त्यावरचा एकच सरळ उपाय आहे.

उरतात दोन साध्या गोष्टी : टिश्यू पेपर आणि धुतलेले कोकोपीट. टिश्यूला कोणी देखणा म्हणणार नाही, पण तो बिनरंगी, बिनसुगंधी असेल तर त्यात खाण्याजोगे काही नसते, रातकिड्याला लपायला जागा नसते, विष्ठा लगेच दिसते आणि घाण झाली की तो दोन मिनिटांत बदलता येतो. छापील वर्तमानपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. त्यावर शाई असते आणि ते ओल नीट धरत नाही. टिश्यूचा दोष एकच : तो लवकर वाळतो. हा दोष इथे पावसाळ्यात जाणवतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पवनेच्या आणि इंद्रायणीच्या काठची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर ओली असते. तेव्हा आणखी ओल धरणारा थर घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि टिश्यूच उत्तम. मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र हवा तीस टक्क्यांच्याही खाली कोरडी पडते आणि शिंपडलेला टिश्यू बघता बघता कडक होतो. त्या दिवसांत कोकोपीट उपयोगी पडते. ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, आणि त्यात लिग्निन भरपूर असल्याने सहजी कुजत नाही. गोंगायलससारख्या कोरड्या रानातल्या जातीला मात्र उन्हाळ्यातही टिश्यूच द्यावा.

कोकोपीट आणताना एक काळजी घ्यावी लागते. नारळाचा काथ्या बऱ्याच ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजवून सोडवतात, त्यामुळे त्यातून उरलेल्या भुशाच्या, म्हणजे कोकोपीटच्या, स्वस्त दाबीव विटेत मीठ भरपूर असते. तळेगावच्या हरितगृहांतले गुलाब-उत्पादक धुतलेले, कमी क्षारांचे कोकोपीट मागतात ते उगाच नव्हे. कीटकाला हा क्षार थेट मारत नसला, तरी रातकिडे आणि पिल्ले थरावरचे थेंब पितात. वीट फुगवून, पाणी पूर्ण निथळून, दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवावी, आणि मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतकीच ओली ठेवावी. ज्या सोसायट्या बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर आहेत, तिथे शेवटचे धुणे आरओ गाळणीच्या पाण्याने केलेले बरे, कारण बेसॉल्ट खडकातले पाणी जड असते आणि ते वाळले की थरावर पांढरा लेप धरतो. ‘खतयुक्त’ किंवा ‘रेडी टू यूज’ असे लिहिलेली पिशवी परत ठेवावी. कोणत्याही थरावर उकळते पाणी ओतले की त्यातले माइट आणि माश्यांची अंडी मरतात, म्हणून ते जरूर करावे. पण उकळण्याने जीव मरतात, औषध मरत नाही. भाजल्याने माती ‘शुद्ध’ होते ही समजूत कीटकनाशकाच्या बाबतीत लागू पडत नाही.

थर जुना होतो तशी त्याची चवही बदलते, असे म्हटले तर चालेल. महापालिकेची डासांसाठी धुरळणी, सोसायटीची वर्षातून दोनदा होणारी पेस्ट कंट्रोल फवारणी, घरातली डास पळवणारी लिक्विडची कुपी, या सगळ्यांतली पायरेथ्रॉइड जातीची औषधे पाण्यापेक्षा सेंद्रिय पदार्थाला जास्त चिकटतात. कोकोपीट हा सेंद्रिय पदार्थच आहे. खिडकीशी ठेवलेल्या पेटीतला चार महिन्यांचा थर त्यामुळे घेतला तेव्हा होता तसा राहत नाही. धुरळणीच्या दिवशी पेटी झाकून आतल्या खोलीत हलवावी आणि त्यानंतर थर बदलून टाकावा. टिश्यू वापरत असाल तर हे काम इतके हलके असते की टाळायचे कारण उरत नाही.

आणि तरीही एखादी पिशवी हाती आली, तिच्यावर पुरती माहिती नाही, पण वापरायची आहे, तर तिला विचारायचा मार्ग आहे. वेगळ्या डब्यात तो थर दोन सेंटिमीटर घालून त्यावर रातकिड्यांची दहा-वीस लहान पिल्ले सोडावीत. मोठे रातकिडे चालणार नाहीत. पूर्ण वाढलेला कीटक पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे निंबोळीसारख्या पदार्थाचा त्याच्यावर परिणाम दिसणार नाही आणि चाचणी खोटा दिलासा देईल. शेजारी तसाच दुसरा डबा, पण तळाला फक्त टिश्यू. दोन्हीकडे अन्न, पाणी आणि ऊब सारखी. उबदार हवेत रातकिड्यांची पिल्ले काही दिवसांच्या अंतराने कात टाकतात, म्हणून पंधरा दिवस थांबले की टिश्यूच्या डब्यातल्या प्रत्येक पिल्लाची निदान एक कात होऊन जाते. पहिल्या दोन दिवसांत मेली तर तीव्र विष आहे. पुढे कातडीत अडकून मेलेली किंवा कातच न टाकलेली पिल्ले टिश्यूच्या डब्यापेक्षा मातीच्या डब्यात जास्त निघाली, तर ती पिशवी कुंडीत रिकामी करावी. जास्वंदीला ती चालेल.